ॲव्हरेजचं भूत आणि चक्रीचा एक दात

मागच्या महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो होतो. आईला गणपतीपुळ्याला जायचं होतं, म्हणून चुलतभावाची बाइक मागून घेतली. शंभर सीसी, चार गिअर, आपल्याकडे घरटी एक असते तसली. आरे-वारेच्या चढावर पुढची टुरिस्ट गाडी समुद्राचा फोटो काढायला मधेच थांबली, म्हणून मीही थांबलो. परत निघायला गेलो तर आमची गाडी हलेना! पहिला गिअर, फुल ॲक्सिलरेटर, हाफ क्लच, जळका वास... आणि गाडी हळूहळू मागे. मागे वळण. आई एक शब्द न बोलता उतरली, पदर खोचला आणि उरलेला चढ चालत चढली. वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, "याच्यापेक्षा एसटी बरी होती."

घरी आल्यावर भावाला विचारलं, तर साहेब खूश. "अरे पुढचं स्पॉकेट मोठं टाकलंय ना, ॲव्हरेजसाठी. चढाला जरा मरते, पण ॲव्हरेज बघ!"

माझं आजचं भांडण या वाक्याशी आहे. भावाशी नाही, तो भला माणूस आहे.

ज्यांनी कधी चेनकव्हर उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाकडे एक लहान दातेरी चक्री असते, मागच्या चाकाला एक मोठी, आणि दोघींना जोडणारी चेन. हेच ते स्प्रॉकेट, गॅरेजच्या भाषेत स्पॉकेट. समजा पुढे १४ दात आहेत आणि मागे ४२. म्हणजे पुढची चक्री तीन वेळा फिरली की चाक एकदा फिरणार. पुढे १५ दात केले तर हेच प्रमाण २.८ होतं. चाक तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पळतं, पण चाकावरची ओढ साधारण ७ टक्क्यांनी कमी होते. पुढे १३ केले तर उलटं. प्रमाण ३.२३, आणि ओढ पावणेआठ टक्क्यांनी जास्त. गिअरची सायकल चालवलेल्या कुठल्याही पोराला हे पायांनी कळलेलं असतं.

सात टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? गाडीचं वजन ११२ किलो धरा, वर दोन माणसं मिळून १४० किलो. एकूण २५२. चढावर सावकाश जाताना वाऱ्याचा फारसा प्रश्न नसतो, सगळी लढाई वजनाशी. अशा वेळी १४ चे १५ दात करणं म्हणजे गाडीवर आणखी १८ किलो लादण्यासारखं आहे. १८ किलो म्हणजे साधारण एक भरलेली हापूसची पेटी. माझ्या भावाने ॲव्हरेज वाढवायला कायमची एक अदृश्य आंब्याची पेटी कॅरिअरला बांधून घेतली आहे, आणि वर तिचं कौतुक सांगतोय! १४ चे १३ केले असते तर तितक्याच वजनाची पेटी उतरली असती.

आणि मिळवलं काय? त्याच्याच हिशोबाने ५५ चे ५८ झाले. महिन्याला ९०० किलोमीटर धरले तर वाचलेलं पेट्रोल एक लिटरसुद्धा भरत नाही. हेही सपाटीवर हं. चढावर गाडी ओढत नाही म्हणून तो एक गिअर खाली टाकून पिळत असतो, तेव्हा ते ५८ कुठे जातात देव जाणे. वर्षाच्या आत क्लचप्लेटी बदलाव्या लागल्या, ते बिल त्याने या हिशोबात धरलेलंच नाही. आपल्याकडे गाडी बघायला आलेला माणूस ब्रेक लागतो का हे विचारायच्या आधी "ॲव्हरेज किती देते?" विचारतो. १९८५ च्या सीडी १०० पासून दोन पिढ्या याच प्रश्नावर वाढल्या, त्यामुळे एकट्या भावाला तरी काय बोलणार.

दुसरा पक्ष याच्या उलटा. माझ्या पुण्यातल्या ऑफिसात तो बहुमतात आहे. "कंपनीने विचार करूनच दिलंय ना? इंजिनिअरपेक्षा तुला जास्त कळतं का?" नाही कळत. पण गंमत बघा, हेच लोक सोमवारी सर्व्हरवर डिफॉल्ट सेटिंग तसंच ठेवलं म्हणून ज्युनियरला झापतात. कंपनीच्या इंजिनिअरने विचार केलेला असतो, नक्कीच. फक्त तो साखरप्याच्या माणसाचा एकट्याचा नसतो. तीच गाडी नागपुरात विकायची असते आणि रत्नागिरीतही, आणि जाहिरातीत मायलेजचा आकडाही छापायचा असतो. तेव्हा सगळ्यांना बरी पडेल अशी एक चक्री बसवून गाडी बाहेर पडते. रेसवाले बघा, दर ट्रॅकप्रमाणे स्प्रॉकेट बदलतात. त्यांच्या इंजिनिअरला काय अक्कल नसते?

आता आपला ट्रॅक बघा. पुण्याहून कराड-मलकापूर करत आंबा घाट उतरलात की सपाटी संपली. साखरपा, पाली, हातखंबा, सगळा चढउतार. मुंबईकडे निघालात तर आधी निवळीचा घाट, पुढे परशुराम. शहरात राहूनसुद्धा सुटका नाही, वाडीतून मुख्य रस्त्याला लागायचं तरी जांभ्याची एक घाटी चढावी लागते. त्यात मे महिन्यात बागेतून खरोखरच्या पेट्या लादून येणारे गडी असतात, त्यांच्यासाठी तर हा रोजचा जीवाचा मामला आहे.

यावर एक आक्षेप मात्र मला खरंच दमदार वाटतो: "मग पहिल्या गिअरने चढव ना, चक्री कशाला बदलतोस?" बरोबर. अगदी उभ्या चढाला पहिलाच लागतो. पण चार गिअरच्या गाडीत पहिल्या-दुसऱ्यामध्ये बऱ्यापैकी दरी असते. पहिल्यात इंजिन किंचाळतं, दुसऱ्यात धापा टाकतं, आणि आपले निम्मे चढ नेमके त्या दरीत पडतात. एक दात कमी केला की सगळेच गिअर एकदम थोडे खाली सरकतात, आणि दुसरा गिअर चढाचा गिअर होतो. चढावर थांबून परत निघताना पहिल्यालाही थोडा जास्त दम असतो. आईला उतरावं लागत नाही!

उताराचं तर कोणी बोलतच नाही. आंबा घाट उतरताना गाडी धरून ठेवायचं निम्मं काम इंजिनाने करायचं असतं. पुढची चक्री मोठी केली की त्याच गिअरमध्ये इंजिनाची पकड सैल होते, मग माणूस सतत ब्रेकवर. ड्रम ब्रेक तापला की दाबूनही लागत नाही. लिटरभर पेट्रोलसाठी हा सौदा करायचा?

फुकट काही नाही, हेही कबूल करतो. १३ दातांवर ६० च्या वेगाला इंजिन जास्त फिरणार. आधी ५००० आरपीएम असतील तर आता ५४०० च्या आसपास. आवाज वाढेल, पेट्रोल थोडं जास्त लागेल. चेन लहान चक्रीभोवती जास्त वाकते, म्हणून झिजते लवकर. काही गाड्यांत स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, तिथे तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवायला लागेल. पुढच्या चाकावरून केबल येत असेल तर काही फरक नाही. रोज हायवेवर ८० ने जाणारे असाल तर या भानगडीत पडूच नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करण्याच्या विरोधात आहेत. आरसीवर दातांची संख्या छापलेली नसते हे खरं, पण तेवढ्यावर बिनधास्त राहा असं मी सांगणार नाही. आणि एका दाताचा फायदा बघून कोणी हावरटपणे तीन दात उतरवेल, तर चेन स्विंगआर्मला घासेल आणि तो मला शिव्या घालेल.

आणखी एक. झिजलेल्या चेनवर नवी चक्री चढवू नका, गॅरेजवाला "चालतंय की" म्हणाला तरी. चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलायच्या. सेट बदलायची वेळ येतेच कधीतरी, तेव्हाच दात मोजून घ्या.

भावाला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. आंब्याच्या पेटीचा हिशोब त्याला पटला, १३ चं मात्र नाही. खूप घासाघीस झाल्यावर निदान मूळच्या १४ वर यायला तयार झालाय, तेही आत्ताची चेन संपल्यावर. तोवर गणपतीपुळ्याला आम्ही एसटीने जाणार आहोत.