भीतीची गोष्ट कोणाला द्यावी?

(भुताखेतांच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात की वाचू नयेत, याविषयी घरोघरी मतभेद असतात. प्रस्तुत पाठात लेखकाने अशा गोष्टींची बाजू घेतली आहे. मात्र कोणती गोष्ट कोणाच्या हाती द्यावी याचा विचार आधी करायला हवा, असेही त्याने आवर्जून सांगितले आहे.)

कोणत्याही ग्रंथालयाचे कपाट उघडून पाहा. काही पुस्तके कोरी करकरीत असतात. वर्षानुवर्षे त्यांना कोणी हात लावलेला नसतो. काही पुस्तकांची पाने मात्र सुटलेली असतात, कोपरे दुमडलेले असतात आणि पुठ्ठा निखळायला आलेला असतो. अशा झिजलेल्या पुस्तकांत भुतांच्या, जादूच्या आणि रहस्याच्या गोष्टी हमखास सापडतात. पुस्तक खराब होणे वाईटच. पण ते अनेकांच्या हातांतून गेले, हेही खरे.

तरीसुद्धा या पुस्तकांना घरात मान नसतो. कोणी म्हणते, "असले काही वाचू नकोस, रात्री झोप लागायची नाही." कोणी विचारते, "यातून बोध काय घ्यायचा?" आणखी कोणी म्हणते, "अशा गोष्टींमुळेच अंधश्रद्धा वाढते." हे तीनही आक्षेप पोकळ नाहीत. म्हणून त्यांना नुसते हसून चालणार नाही. उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की भीतीची कथा ही काही कालपरवाची नाही. 'वेताळ पंचविशी' घ्या. राजा विक्रम रात्री स्मशानात जातो. झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो. त्या प्रेतात वेताळ असतो. तो वाटेत एक गोष्ट सांगतो आणि शेवटी राजाला कोडे घालतो. या कथा अकराव्या शतकात सोमदेवाने आपल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात सांगितल्या. पुढे १८०५ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून त्या 'बैताल पचीसी' या नावाने हिंदुस्थानीत आल्या. मजहर अली खान 'विला' आणि लल्लूलाल यांनी मिळून ते काम केले. 'चांदोबा' मासिकातही विक्रम-वेताळाच्या गोष्टी कित्येक वर्षे येत असत. हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाचे ते चित्र तुमच्या घरातील मोठ्या माणसांना नक्की आठवत असेल.

तुमच्या उर्दू भाषेतील दास्तानांचेही तसेच आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा प्रचंड ग्रंथ लखनौच्या मुनशी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. जादूगारांचा बादशहा अफरासियाब आणि त्याला पुरून उरणारा अमर अय्यार यांच्या करामती ऐकायला मोठी माणसेही रात्र रात्र बसत. दिल्लीचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. पुढे ही कला जवळजवळ विसरली गेली होती. २००५ पासून ती पुन्हा रंगमंचावर आली आहे.

भाषांचे नातेही पाहण्यासारखे आहे. मराठीत एका भयंकर भुताला 'खवीस' म्हणतात. हा शब्द अरबी 'खबीस' वरून आला आहे. उर्दूत 'खबीस' म्हणजे दुष्ट, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'सैतान' आणि 'जादू' हे शब्दही तुम्हाला शिकवावे लागणार नाहीत. मराठी भयकथेच्या दारात पाऊल ठेवताच तुम्हाला ओळखीची मंडळी भेटतात.

आता आक्षेपांकडे वळू. अंधश्रद्धेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आजही काही ठिकाणी आजारी माणसाला दवाखान्यात नेत नाहीत. 'याला बाहेरची बाधा झाली' असे म्हणून मांत्रिकाकडे नेतात. एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ करतात. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला बांधून ठेवणे, मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे झटून प्रयत्न केले. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली.

मग भुताची कथा वाचणे म्हणजे या कामाला विरोध करणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. कथालेखक आणि मांत्रिक यांच्यात मोठा फरक आहे. कथालेखक पहिल्या पानावर आपले नाव घालतो आणि 'ही कथा आहे' असे सांगतो. मांत्रिक तीच गोष्ट 'हे खरे आहे' म्हणून सांगतो आणि वर पैसे मागतो. कथा वाचून आपण पुस्तक मिटतो; मांत्रिकाच्या गोष्टीत मात्र कोणाचा तरी जीव जातो. श्रद्धेचा विषय वेगळा, तो प्रत्येकाच्या धर्माचा. कथेतला जिन किंवा वेताळ लेखकाने रचलेला असतो. रचलेली गोष्ट ओळखण्याची ज्याला सवय झाली, तो भोंदूने रचलेली गोष्टही लवकर ओळखेल. मात्र कोणी कथा सांगताना 'आमच्या गल्लीत खरेच असे घडले' अशी पुस्ती जोडली, तर त्याला तिथेच थांबवावे. त्या एका वाक्याने कथेची अफवा होते.

दुसरा आक्षेप झोपेचा. भीतीची गोष्ट वाचताना छातीत धडधडते, अंगावर काटा येतो. शरीर घाबरते, पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला माहीत असते. म्हणूनच त्या भीतीत मजा वाटते. पाळणा वर जाताना पोटात गोळा येतो, तरी आपण पुन्हा तिकीट काढतो, तसेच हे आहे. पण पाळण्यातही लहान मुलाला एकटे बसवत नाहीत. गोष्टीचेही तेच.

इथे मोठ्या माणसांना एक विनंती करावीशी वाटते. 'झोप, नाही तर बागुलबुवा येईल' असे सांगून मुलाला झोपवणे म्हणजे भीतीची गोष्ट सांगणे नव्हे. ती धमकी आहे. गोष्ट ऐकणारे मूल 'पुरे' म्हणू शकते. धमकी ऐकणाऱ्या मुलाला तेवढीही मुभा नसते. मुले भित्री होतात ती पुस्तकांपेक्षा अशा धमक्यांमुळे अधिक.

तिसरा प्रश्न बोधाचा. चांगल्या भयकथेत भूत हे निमित्त असते. खरा विषय माणूस असतो. २०१८ साली आलेला 'तुंबाड' हा चित्रपट मोठ्या माणसांसाठी होता. त्यात राक्षस आहे, पण सर्वांत भयंकर आहे तो सोन्याच्या नाण्यांचा लोभ. वेताळाच्या प्रत्येक गोष्टीत तर न्याय कोणता आणि अन्याय कोणता, हाच प्रश्न असतो. बोध आहे, फक्त तो फळ्यावर लिहिलेला नाही.

आणि तुमच्यासाठी आणखी एक फायदा आहे. मराठी ही तुमची घरची भाषा नाही. मराठी पुस्तक वाचताना अवघड शब्द आला की तुम्ही अडता, आणि दोन-तीन वेळा अडल्यावर पुस्तक मिटून ठेवता. पण दाराची कडी आपोआप हलू लागली आहे आणि घरात एकटी मुलगी आहे, अशा ठिकाणी कोण थांबेल? एखादा शब्द कळला नाही तरी वाचक पुढे जातो, आणि पुढच्या वाक्यात त्या शब्दाचा अर्थ त्याला आपोआप उमगतो. उत्कंठा हा भाषेचा उत्तम शिक्षक आहे.

तर मग कोणती गोष्ट कोणाला द्यावी? रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) या एकाच लेखकाचे उदाहरण पुरेसे आहे. 'अलबत्या गलबत्या' हे त्यांचे मुलांचे नाटक. त्यात चेटकीण आहे, पण तिला पाहून मुले खदखदून हसतात. ही चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी रंगवली. याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या. त्या वाचताना हसू येत नाही. रोजच्या ओळखीचे घरही परके वाटू लागते. मतकरींनी मुलांची चेटकीण मोठ्यांना दिली नाही आणि मोठ्यांची भीती मुलांना दिली नाही. पुस्तक सुचवणाऱ्याने हाच विवेक ठेवला पाहिजे.

सात-आठ वर्षांच्या भावंडाला अशी गोष्ट द्या, की तिच्या शेवटी भुताची फजिती होते आणि मूल जिंकते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना वेताळाची कोडी आवडतात, कारण तिथे भीतीबरोबर डोके चालवायला मिळते. तुमच्या वयाच्या मुलांनी सूचक कथा वाचून पाहाव्यात. रवींद्रनाथ टागोरांची 'क्षुधित पाषाण' ही १८९५ सालची बंगाली कथा त्यांतलीच. निजामाच्या राज्यात कापसावरील जकात वसूल करणारा एक अधिकारी नदीकाठच्या ओसाड महालात राहायला जातो. रात्री त्याला पावलांचे आणि पैंजणांचे आवाज ऐकू येतात. रक्ताचा थेंबही न दाखवता टागोर वाचकाला त्या महालात अडकवून ठेवतात. आगगाडीची वाट पाहता पाहता हा गृहस्थ आपली हकिकत सांगत असतो. इतक्यात गाडी येते, तो निघून जातो आणि गोष्ट अपुरी राहते. ती अपुरी राहते म्हणूनच मनातून जात नाही.

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कादंबऱ्या मात्र थोडे मोठे झाल्यावर वाचा. मराठीत भयकथेचा मोठा वाचकवर्ग त्यांनी तयार केला. त्यांच्या कथांतले संकट हळूहळू, पावलापावलाने घरात शिरते. ते सोसायला वाचकाचे मन जरा पक्के झालेले असावे लागते.

वयापेक्षाही माणूस महत्त्वाचा. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्याच्या हाती मेलेली माणसे परत येण्याची गोष्ट देऊ नये. त्याच्या दुःखाची ती थट्टा होईल. जो अंधाराला घाबरतो, त्याला आग्रह करू नये आणि 'भित्रा' म्हणून चिडवू तर मुळीच नये. आपण स्वतः न वाचलेले पुस्तक दुसऱ्याला सुचवू नये. ज्या पुस्तकात नुसते रक्त आणि मारामारी आहे, ते बाजूला ठेवावे. त्याने भीती वाटत नाही, किळस येते.

मोठ्या माणसांनाही गोष्ट सुचवता येते, हे विसरू नका. अम्मीला किंवा दादीला मराठी वाचता येत नसेल, तर तुम्ही एखादी कथा वाचून तिचा अर्थ उर्दूत सांगा. तुमची कथा संपली की दादी आपली एखादी गोष्ट काढेल. ती कदाचित कोणत्याही पुस्तकात छापलेली नसेल. अशी गोष्ट वहीत लिहून ठेवा आणि जमल्यास मराठीत उतरवा.

मित्रांनो, भीती सर्वांनाच वाटते. शूर माणसालाही वाटते. ती लपवण्यापेक्षा कथेच्या उजेडात तिच्याकडे नीट पाहावे, हे अधिक चांगले. म्हणून भीतीच्या गोष्टी जरूर वाचा आणि दुसऱ्यांनाही द्या. फक्त पुस्तक पुढे करण्याआधी क्षणभर समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'खवीस' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला आहे?
(आ) महाराष्ट्रात अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा कोणत्या साली झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या मते कथालेखक आणि मांत्रिक यांच्यात कोणता फरक आहे?
(आ) गोष्ट आणि धमकी यांत लेखकाने कोणता भेद केला आहे?

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
अंगावर काटा येणे, पुरून उरणे, पोटात गोळा येणे, फजिती होणे

४. 'भुताच्या गोष्टींमुळे अंधश्रद्धा वाढते.' या मताशी तुम्ही सहमत आहात काय? तुमचे मत कारणांसह लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक गोष्ट ऐका आणि ती दहा ओळींत मराठीत लिहा.