दुखणे एकाचे, जबाबदारी सर्वांची

मेंदूत गाठ असल्याचे निदान वैद्यकाच्या दृष्टीने एका रुग्णाचे असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते अख्ख्या कुटुंबाचे असते. एक माणूस अंथरुणाला खिळतो, दुसरा रोजगार बुडवून त्याच्या उशाशी बसतो आणि तिसरा पैशासाठी दारोदार फिरतो. प्रस्तुत लेखकाच्या मेंदूच्या आवरणात वाढलेली गाठ नुकतीच तपासणीत आढळली असून काही आठवड्यांत तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. हे सांगण्याचा हेतू सहानुभूती मिळविण्याचा नाही. निवृत्तिवेतन, शहरातील घर आणि इंग्रजी अहवाल वाचण्याइतके शिक्षण ज्याच्यापाशी आहे, त्यालाही या काळात पदोपदी अडखळावे लागते. मग ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याने काय करावे?

पहिली अडचण ज्ञानाची आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते. काय घ्यावयाचे, किती घ्यावयाचे, हे येथे गिऱ्हाईक ठरवीत नाही, विकणाराच ठरवतो. मेंदूच्या गाठीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण हा एक रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात या गाठींचे अनेक प्रकार असून त्यांच्या प्रती १ ते ४ अशा मोजल्या जातात. आवरणातील बहुतेक गाठी सौम्य आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. लहान असून त्रास देत नसतील, तर ठराविक काळाने एम.आर.आय. करून त्यांच्यावर नुसती नजर ठेवता येते. काहींवर शस्त्रक्रियेऐवजी नेमक्या जागी किरणांचा मारा करता येतो. पिट्युइटरी ग्रंथीची गाठ पुष्कळदा नाकावाटे काढतात, आणि तिचा एक प्रकार तर बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात येतो. उलट, ग्लायोब्लास्टोमासारख्या चौथ्या प्रतीच्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध द्यावे लागते. ही पद्धत २००५ सालापासून रूढ झाली आहे.

म्हणून 'उद्याच दाखल व्हा, आगाऊ रक्कम भरा' असे कोणी सांगितले, तर रुग्णाने विचारले पाहिजे : शस्त्रक्रिया आताच का? थांबल्यास काय होईल? बोलण्यावर, हातापायांवर परिणाम होण्याचा संभव किती? पुढे किरणोपचार लागतील काय? अतिदक्षता विभागासह एकूण खर्च किती? दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. मात्र वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा वारंवार आकडी अशी लक्षणे असतील, तर चर्चेत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

दुसरी अडचण अंतराची. १९४९ साली डॉ. जेकब चॅन्डी यांनी वेल्लोरला देशातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला. आज मुंबईत के.ई.एम., शीव, नायर, जे.जे. ही सार्वजनिक रुग्णालये या शस्त्रक्रिया करतात. १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत आहे. पण गडचिरोली-नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांवरील रुग्णाला आजही दूरच्या शहराचीच वाट धरावी लागते. आणि तेथे पोहोचल्यावर तपासणीची रांग असतेच.

तिसरी अडचण पैशाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ती उत्पन्नाची अट न घालता खुली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असून, त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावयाची आहे. हे उपकार नव्हेत, हक्क आहेत. पण सरकारी योजना मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना लागू होतात. निदानापूर्वीच्या तपासण्या, प्रवास, नातेवाइकांचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो.

येथे काही कार्यकर्ते आक्षेप घेतील : अर्ज भरून देणे, खाट मिळवून देणे हे परोपकाराचे काम, आपले काम व्यवस्था बदलण्याचे. विमा योजनांमधून सार्वजनिक पैसा खाजगी रुग्णालयांकडे वळतो, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु रुग्ण व्यवस्था बदलेपर्यंत थांबू शकत नाही, आणि या दोन कामांत विरोधही नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सभासद गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च झाले. त्याची संघटना हे गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. तातडीचे उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल १९९६ साली लागला. एका मजुराचे बिल सर्वांचा हक्क झाले, कारण त्याच्या मागे संघटना उभी होती.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात आपल्या दोन कार्यकर्त्यांनी या योजनांची पुरती माहिती करून घ्यावी. रुग्णाबरोबर एकाने जावे, डॉक्टरांचे म्हणणे लिहून घ्यावे, रक्तदाते आणि मुक्कामाची सोय पाहावी. शस्त्रक्रियेनंतर फिट येणारा, शब्द विसरणारा माणूस घरी परततो, तेव्हाही सोबत सुटू नये. आणि जेथे खाट नाकारली जाईल, तेथे तारीख, वेळ, कारण यांची नोंद ठेवावी. अशा शंभर नोंदी म्हणजे मोर्चासाठी आणि विधिमंडळासाठी पुरावा होय.

कारण मागणी जुनीच आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून केला. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने का करू नये?

माणसाला धीर लागतो, हे खरे. परंतु धीर केवळ मनातून येत नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयातील चालू यंत्रातून, हजर तज्ज्ञातून आणि शेजारी बसलेल्या सोबत्यातूनही तो येतो. हे तिन्ही उभे करणे आपल्या हातचे आहे.