हातमोजे म्हणजे विटाळ नव्हे

आमच्याच वस्तीतली एक आजी अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होती. तिचा मुलगा दारातूनच चिडून म्हणाला, "सिस्टर, आईला हात लावताना हातमोजे कशाला? आमचा विटाळ होतो काय?"

त्याचा राग आम्हाला समजला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना लांब ठेवले, त्यांना हातमोज्यातही तोच दुरावा दिसणार. पण बंधू-भगिनींनो, विटाळ जात बघून पाळला जातो; हातांची स्वच्छता मात्र प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असते.

आयसीयूतल्या रुग्णाला श्वासाची नळी असते, लघवीची नळी असते, शिरेत सुई असते. या प्रत्येक वाटेने जंतू आत शिरू शकतात, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते बहुतेकदा आमच्याच हातांनी जातात. म्हणून रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद किंवा सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद हात चोळायचे. हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही. एका रुग्णाला वापरलेले हातमोजे दुसऱ्याला चालत नाहीत. लघवीची पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

आपल्या पाचगणीला हा विषय नवा नाही. इथले बेल एअर रुग्णालय क्षयरुग्णांचे आरोग्यधाम म्हणूनच सुरू झाले. जंतूला दूर ठेवायचे आणि माणसाला जवळ करायचे, हेच खरे रुग्णसेवेचे काम.

आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि 10 मार्च 1897 रोजी गेल्या. सेवेला माया लागते, तसे संरक्षणही लागते.

ते संरक्षण आज कोणाला मिळते? व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण आहे. एकीवर चार-पाच रुग्ण टाकले, तर ती हात कधी धुणार? रुग्णालयाचा कचरा उचलणारे मामा-मावशी बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. 2016 च्या नियमांनुसार त्यांना हातमोजे आणि हिपॅटायटिस बी ची लस मिळालीच पाहिजे. ती मागा.

आणि आत जाताना स्वतः हात धुवा, गर्दी करू नका. मग न घाबरता विचारा, "सिस्टर, हात धुतले का?" आम्हाला राग येणार नाही. येऊही नये.