तीस एप्रिलला काय असतं?

एक मे म्हटलं की तुमच्या-आमच्या डोक्यात काय येतं? महाराष्ट्र दिन, सुट्टी, आणि ती वीकेंडला जोडून आली तर लोणावळ्याच्या अलीकडे लागलेली गाड्यांची रांग. पण तुमच्या ग्रुपमध्ये फॉर्म्युला वनचं वेड लागलेला एखादा तरी नग असतोच. त्याचा डीपी त्या दिवशी बदलतो. पिवळंधमक हेल्मेट, त्यावर हिरवा आणि निळा पट्टा. सेना! (आयर्टन सेना. आपल्याकडे हा खुलासा केलेला बरा.)

१ मे १९९४, इटलीतलं इमोला, टँबुरेलो नावाचं वळण. सेनाची विल्यम्स सरळ जाऊन भिंतीवर आदळली. वय वर्षं ३४, तीन वर्ल्ड टायटल्स, ४१ विजय. पुढची गोष्ट त्या नगाला तोंडपाठ असते. आता त्यालाच विचारा, ‘आणि तीस एप्रिलला काय असतं रे?’ बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं, ‘पगार?’

तीस एप्रिलला, म्हणजे आदल्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, क्वालिफाइंगमध्ये रोलंड रॅट्झेनबर्गर गेला. ऑस्ट्रियाचा, साल्झबर्गचा मुलगा. मुलगा कसला, ३३ वर्षांचा होता. या धंद्यात त्या वयात लोक टायटल जिंकून मोकळे झालेले असतात आणि याची आत्ता कुठे एन्ट्री होत होती. सिमटेक नावाची नवी, हात आखडून खर्च करणारी टीम. करार फक्त पाच रेसचा. त्यातल्या पहिल्या रेसला, ब्राझीलमध्ये, तो क्वालिफायच झाला नाही. दुसरी जपानमधल्या आइडाला. तिथे अकरावा आला. तिसरी इमोला. पुढचा विंग तुटला आणि ताशी तीनशेहून जास्त वेगात गाडी भिंतीला भिडली. आयुष्यभर ज्यासाठी धडपडला, त्या फॉर्म्युला वनमधली त्याची पूर्ण झालेली रेस एकच.

सेनासाठी ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी लोटली. ज्याच्याशी वर्षानुवर्षं उभा दावा, त्या अलँ प्रॉस्टने शवपेटीला खांदा दिला. बहीण व्हिव्हियानने त्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ती आजही काम करते. पुतळे झाले, २०१० मध्ये आसिफ कपाडियाची डॉक्युमेंटरी आली, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर सीरिज आली. आणि रोलंड? साल्झबर्गमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला जे थोडे लोक गेले, त्यात एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली होते. जगातला सगळा पॉवरफुल गोतावळा साओ पावलोला असताना हा माणूस दोनच दिवसांनी साल्झबर्गला. दहा वर्षांनी त्यांनी कारण सांगितलं ते साधं होतं. सगळे सेनाकडे गेले, मग कुणीतरी याच्याकडेही जायला हवं होतं! मोस्लींबद्दल पुढे बरंच बरंवाईट छापून आलं. माझ्या हिशोबात ही एक गोष्ट त्यांच्या जमेला कायम राहील.

हे सगळं माझ्या डोक्यात वळवळायला लागलं ते मात्र इटलीपासून फार लांब, वाशिम जिल्ह्यात. समृद्धीवरून नागपूरला जाताना कारंज्याला उतरलो आणि मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलो. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उघडलेलं नंगारा म्युझियमही. इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची. तुम्ही म्हणाल, कुठे संत आणि कुठे रेसर? तुलना करायचीच नाहीये. मला खुणावत होती ती वेगळीच गोष्ट.

बंजारे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर जगलेले लोक. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालायचे, मोठमोठ्या फौजांची रसद पोचवायचे. आजच्या भाषेत त्या काळातलं लॉजिस्टिक्सच म्हणा ना. पुढे रेल्वे आली, धंदा बसला आणि तांडे एका जागी थांबले. अशा सतत चालत्या माणसांनी आपला सगळ्यात मोठा माणूस लक्षात कसा ठेवला? तर नुसत्या फोटोवर भागवलं नाही. १५ फेब्रुवारीला जयंती, रामनवमीला यात्रा, पांढरा झेंडा, तुपा-गुळाचा भोग, नंगाऱ्याचा ठेका. प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम. आणि आठवण फक्त स्वाराची नाही बरं का, वाहनाचीही. महाराजांचा घोडा तोळाराम, त्यांचा गराशा बैल, ही नावं आजही घेतली जातात. आपल्यातल्या किती जणांना आपल्या आजोबांच्या स्कूटरचं मॉडेल सांगता येईल?

आणि आपण शहरातले? गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे दोनच फॉर्म्युले. एक, चौकात फ्लेक्स, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, मृतापेक्षा मोठे. दोन, तीन अक्षरी ‘आरआयपी’ आणि हात जोडलेला इमोजी. दोन्हींची एक्स्पायरी साधारण आठवडाभर.

रेसिंगवाल्यांनी मात्र पोहरादेवीच्या यात्रेकरूंसारखंच आठवणीला काम लावून दिलंय. अमेरिकेत डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाला गेला. त्याच्या गाडीचा नंबर तीन. म्हणून त्या वर्षी प्रत्येक रेसच्या तिसऱ्या लॅपला स्टँडमधले लोक उभे राहून तीन बोटं वर करायचे आणि टीव्हीवरचे कॉमेंटेटर गप्प व्हायचे. अमेरिकन टीव्हीवर शांतता म्हणजे काय ते विचार करा! ३१ ऑगस्ट २०१९ ला बेल्जियममध्ये स्पा इथे फॉर्म्युला टूच्या रेसमध्ये आँत्वान ह्युबेर गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. त्याचा नंबर १९. दुसऱ्या दिवशी फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये एकोणिसावी लॅप सुरू झाली आणि अख्खं स्टँड उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. ती रेस शार्ल लक्लेरने जिंकली, आयुष्यातली पहिली. आनंद साजरा करायच्या परिस्थितीत तो नव्हता. लहानपणापासून सोबत रेसिंग केलेला मित्र आदल्या दिवशी गेलेला. ज्यूल बियांकीचा नंबर १७ एफआयएने कायमचा बाजूला काढून ठेवलाय. २०१४ मध्ये सुझुकाला त्याचा अपघात झाला आणि २०१५ मध्ये तो गेला. त्या अपघातानंतर ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली: ट्रॅकवर गडबड झाली की सगळ्यांनी एकदम, ठरलेल्या वेगाला उतरायचं. रविवारी बीअर हातात घेऊन आपण स्क्रीनवर ‘व्हीएससी’ ही अक्षरं बघतो आणि ‘अरे यार, रेस स्लो झाली’ म्हणून वैतागतो.

आता पुन्हा रोलंडकडे. त्याचा जीव गेला तो कवटीच्या तळाला झालेल्या फ्रॅक्चरने. जोरात धडकल्यावर बेल्ट अंग धरून ठेवतो, पण डोकं कोण धरणार? ते पुढे फेकलं जातं. याच्यावर इलाज १९८० च्या दशकातच निघाला होता. अमेरिकेत रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकाने ‘हान्स’ बनवलं होतं, म्हणजे खांद्यावर बसणारी एक कडक कॉलर आणि तिला पट्ट्यांनी जोडलेलं हेल्मेट. कुणी फारसं विचारत नव्हतं. घालायला अवघड, दिसायला बेंगरूळ. अर्नहार्टही त्याच प्रकारच्या दुखापतीने गेला, आणि त्याने ते घातलं नव्हतं. फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीचं झालं २००३ मध्ये, इमोलानंतर तब्बल नऊ वर्षांनी. तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हर रेसआधी ते खांद्यावर चढवतो. त्यावर रोलंडचं नाव नाही. पण एवढं मोठं स्मारक सेनालाही मिळालेलं नाही असं मला वाटतं.

यातही डावं-उजवं आहेच. २००० मध्ये माँझाला आणि २००१ मध्ये मेलबर्नला प्रत्येकी एक मार्शल उडालेलं चाक लागून गेला. ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभी राहणारी माणसं. त्यांच्यासाठी कुठल्या लॅपला टाळ्या वाजतात?

आणि आपले? ८ जानेवारी २०२३ ला चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या सलून कारच्या रेसमध्ये के. ई. कुमार गेले. वय ५९. ज्या वयात आपल्याकडे ‘आता गाडी मुलाला चालवू दे’ असं घरचे सांगतात, त्या वयात हा माणूस हेल्मेट चढवून ग्रिडवर उभा होता. गाडी आपटून उलटली. त्या दिवसाच्या उरलेल्या रेस रद्द झाल्या. बातमी आली आणि गेली. आपण दर पंधरा दिवसांनी रात्र-रात्र जागून रेस बघणारे, लक्लेरच्या कुत्र्याचं नाव माहीत असणारे लोक. कुमारांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी याआधी ऐकलं होतं? पुढच्या जानेवारीत त्या नगाने त्यांचा फोटो डीपीला लावला तर निदान चार जण विचारतील, हे कोण? मग सांगता तरी येईल.

सेनाला हे बरोबर कळलं होतं असं वाटतं. त्या रविवारी त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा गुंडाळून ठेवलेला सापडला. जिंकला असता तर तो रोलंडसाठी फडकवणार होता असं सांगतात. झेंडा तसाच राहिला. दोन आठवड्यांनी मोनॅकोला ग्रिडवरच्या पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवल्या, एकीवर ब्राझीलचे रंग, दुसरीवर ऑस्ट्रियाचे.

मे २०२४ मध्ये, बरोबर तीस वर्षांनी, रिटायर झालेला सेबास्टियन वेटेल इमोलाला आला. आधी ग्रिडवरच्या ड्रायव्हर्सना गोळा करून टँबुरेलोला घेऊन गेला. मग रेसच्या दिवशी सेनाची १९९३ ची लाल-पांढरी मॅकलरेन बाहेर काढली. इंजिनाचा तो जुना आवाज, स्टँडमध्ये पिवळ्या टोप्या, ब्राझीलचा झेंडा. आणि मग वेटेलने दुसरा झेंडा काढला. लाल, पांढरा, लाल. ऑस्ट्रियाचा.