मजबूत म्हणजे टिकाऊ नव्हे!

"अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कच्चं काम, स्टील म्हणजे पक्कं काम." वसई-विरारमध्ये नवीन फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. त्यात 2018 च्या सुमारास एसटीने लाल गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी सोडून माइल्ड स्टीलची बांधायला घेतली, तेव्हा तर या मतावर सरकारी शिक्काच बसला. प्रवाशांची सुरक्षितता हा त्यामागचा हेतू अगदी योग्य. पण त्यावरून "अ‍ॅल्युमिनियम कमजोर" हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तिकडे पुणे मेट्रोचे टिटागढने बांधलेले डबे अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत की!

आधी आकडे बघू. शुद्ध, मऊ अ‍ॅल्युमिनियम साधारण 90 मेगापास्कल ताणाला तुटतं. साधं माइल्ड स्टील 410 च्या आसपास. आणि विमानात वापरतात तो 7075 नावाचा मिश्रधातू? तब्बल 570! तोही स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश वजनात. म्हणजे "अ‍ॅल्युमिनियम" हा एक पदार्थ नाहीच, ते अख्खं खानदान आहे. कुठला भाऊ कसा, ते त्याच्यात काय मिसळलंय आणि त्याला कसं तापवलंय यावर ठरतं.

ही जादू 1906 साली आल्फ्रेड विल्म या जर्मन माणसाला सापडली. तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवलं आणि नुसतं ठेवून दिलं, तर काही दिवसांत ते आपोआप कडक होतं. आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूच्या थरांना घसरू देत नाहीत. 7075 मध्ये हेच काम मुख्यतः जस्त आणि मॅग्नेशियम करतात.

पण गंमत पुढे आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप चढतो आणि तो धातूला सांभाळतो. मिश्रधातूत मात्र मजबुती देणारे कण आणि आजूबाजूचा धातू यांच्यात विजेच्या दृष्टीने फरक असतो. वर खारट ओलावा बसला की हजारो छोट्या बॅटऱ्या सुरू! मीठ तो थर जागोजागी फोडतं, आत खड्डे पडतात, आणि सतत ताण असेल तर भेगा जातात. ज्याने ताकद दिली, तोच घात करतो.

28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737 चं छत उडत्या विमानात उखडलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. 19 वर्षं जुनं विमान, सतत समुद्रावरच्या फेऱ्या. जोडावरचा चिकट थर सुटला होता, गंज धरला होता आणि रिव्हेटच्या भोकांपाशी भेगा पडल्या होत्या. धातू मुळात कमजोर नव्हता, जोड सांभाळला गेला नव्हता.

इंजिनिअरांनी यावर काढलेले उपाय मला फार आवडतात. एक म्हणजे मजबूत पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवायचा. तो स्वतः झिजतो, आतल्याला वाचवतो. दुसरा त्याहून भारी. 7075 ला मुद्दाम जास्त वेळ तापवायचं. याला टी73 म्हणतात. ताकद 10-15 टक्के कमी होते, पण ताणाखाली भेगा पडण्याचा धोका खूपच घटतो. जाणूनबुजून सोडलेली ताकद! हल्लीच्या स्पेसिफिकेशनच्या जमान्यात हे कुणी विकू शकेल का? शंकाच आहे.

आपल्या खिडक्यांना अर्थातच 7075 लागत नाही, त्या बहुतेक 6063 च्या असतात. पण हिशोब तोच. अर्नाळा, कळंब, भुईगाव... समुद्र जवळच आहे आणि वारा खारा. आपण मात्र विचारतो काय? "सेक्शन जाड आहे ना?" पत्रा जाड, आणि स्क्रू साधा लोखंडी! लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम स्वतःचा बळी देतं. स्क्रूभोवती दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. असा वारा जेव्हा सातव्या मजल्यावरची खिडकी हलवतो, तेव्हा कसोटी लागते ती जाडीची नाही, त्या स्क्रूच्या भोकाची. आणि खाली पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. सोसायटीच्या खिडक्या बदलायचा ठराव येईल तेव्हा कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: मिश्रधातू आणि टेम्पर कोणता, अ‍ॅनोडायझिंग किती मायक्रॉन (किनाऱ्याजवळ 25 मागा), आणि स्क्रू स्टेनलेसचे असून मध्ये प्लास्टिकचा वॉशर आहे का. थोडे पैसे जास्त जातील. पण जाडीवर घासाघीस करण्यापेक्षा हे बरं.

बघा पटतंय का. नाही पटलं तर आज आपल्या बाल्कनीतले स्क्रू एकदा नीट बघा :-)