लाल टोपीचा अधिकार

जून महिना आला, कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू झाली की अलीकडे एक प्रश्न हमखास माझ्यापुढे येतो. "मॅडम, पोरगी मिलिटरी पोलिसात जाते म्हणते. म्हणजे तिथे नक्की करायचे काय? रस्त्यावर उभे राहून गाड्या अडवायच्या?" विचारणारे बहुधा वडील असतात. आई शेजारी गप्प बसलेली असते. वडील फी भरायला खिडकीकडे गेले की ती हळूच दुसरा प्रश्न विचारते, "आणि लग्नाचे कसे?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून आज त्याविषयीच लिहिते आहे.

खरे तर आपल्या भागाला लष्कर नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, कमांडोंचे प्रशिक्षणही इथेच चालते. खानापूरपासून चिकोडीपर्यंत अशी गावे आहेत जिथे दर दोन घरांआड एक माजी सैनिक भेटतो. पण या सगळ्यांत मिलिटरी पोलिसाची ओळख मात्र तेवढ्यापुरतीच, म्हणजे लाल टोपी, पांढरा पट्टा आणि दंडावरची 'एम.पी.' ही अक्षरे. पायदळातल्या जवानाची गोष्ट घराघरात सांगितली जाते, लाल टोपीवाल्याची कोणी सांगत नाही. उलट सुट्टीवरचा जवानसुद्धा त्याला पाहून रस्ता बदलतो, असाच विनोद ऐकू येतो.

हे दल दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये आकाराला येऊ लागले. 'कोअर ऑफ मिलिटरी पोलीस' हे त्याचे नाव आणि 'सेवा तथा सहायता' हे ब्रीद. त्याचे प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, बेंगळुरूला आहे. छावणीतली शिस्त राखणे, लष्करी वाहनांची वाहतूक सुरळीत ठेवणे, सैनिकाने केलेल्या गुन्ह्याचा तपास करणे, पळून गेलेल्याला शोधणे, युद्धात तुकड्यांना योग्य वाटेने पुढे नेणे आणि युद्धकैद्यांची व्यवस्था पाहणे ही त्याची मुख्य कामे.

मुलींसाठी हे दार उघडले ते २०१९ मध्ये. त्याआधी १९९२ पासून वैद्यकीय शाखांखेरीज इतर काही शाखांतही स्त्रिया सैन्यात जात होत्या, पण अधिकारी म्हणून. शिपाई म्हणून भरती होण्याची सोय नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मिलिटरी पोलिसात मुलींना घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने या दलात त्यांचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत न्यायचे ठरले. पहिल्या वेळी जागा शंभर होत्या आणि अर्ज दोन लाखांवर आले. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मुलींसाठी त्या भरतीचा मेळावा ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या बेळगावातच झाला. त्यानंतरच आपल्याकडच्या मुलींच्या तोंडी हे नाव येऊ लागले.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येते. मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तराची सुरुवात कायद्यापासून करते. सैन्य अधिनियम १९५० च्या कलम १०७ मध्ये 'प्रोव्होस्ट मार्शल' या अधिकाऱ्याची नेमणूक सांगितली आहे. लाल टोपीचा सारा अधिकार तिथून येतो. या कलमानुसार, सैन्य अधिनियम ज्यांना लागू आहे अशा कोणी गुन्हा केला किंवा तसा आरोप त्याच्यावर असला, तर त्याला अटक करता येते. पण लगेच दोन बंधने येतात. पहिले, स्वतःच्या अधिकारात कोणालाही शिक्षा देता येत नाही. दुसरे, एखाद्या लष्करी अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याला सर्वांत जवळची आहे. हा अधिकार तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांवर चालत नाही. समजा, कॅम्पच्या बाजारात एखादा जवान आणि दुकानदार यांची बाचाबाची झाली. मिलिटरी पोलीस येतील, जवानाला बाजूला घेतील, त्याचे नाव, त्याची युनिट लिहून घेतील. दुकानदाराला ते ताब्यात घेऊ शकत नाहीत. त्याची तक्रार असेल तर शहर पोलीस आहेत. एकाच भांडणात दोन माणसे, दोन कायदे आणि दोन पोलीस. अशा वेळी लाल टोपीतल्या मुलीला सर्वांत आधी काय माहीत हवे? आपला अधिकार कुठे संपतो ते.

हाच धागा पुढे शहर पोलिसांपर्यंत जातो. त्याच कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे, सैन्याच्या कायद्याखाली गुन्हा करून कोणी बाहेर वावरत असेल, तर त्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या सहीचे पत्र मिळाल्यावर मॅजिस्ट्रेट आणि पोलीस अधिकारी यांनी त्याला पकडून सैन्याच्या ताब्यात देण्यास मदत करायची असते. कलम १०५ पळून गेलेल्या सैनिकाविषयी आहे. त्याची लेखी खबर नागरी अधिकाऱ्यांना देतात, आणि पोलीस त्याला वॉरंटशिवायही पकडू शकतात. उलट बाजूही आहे. शांततेच्या काळात, देशातल्या नेहमीच्या ठिकाणी, सैनिकाने एखाद्या नागरिकाचा खून किंवा स्त्रीवर बलात्कार केला, तर तो खटला कोर्ट मार्शलपुढे चालत नाही, आपल्या नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालतो.

म्हणजे मिलिटरी पोलिसाचे अर्धे काम स्वतःच्या दलाबाहेरच्या माणसांबरोबर असते. आज शहर पोलीस, उद्या रेल्वे पोलीस, परवा हवाई दलाचे किंवा नौदलाचे पोलीस. यातले कोणीही तिच्या हुकमाखाली नसते. तिथे आवाज चढवून भागत नाही. कागद पुरा, भाषा नेमकी आणि बोलणे सभ्य असेल तरच काम होते.

हे शिकवले कसे जाते? मुलींच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण बेंगळुरूच्या केंद्रात ६१ आठवडे चालले. सुरुवात जानेवारी २०२० मध्ये झाली आणि दोनच महिन्यांत कोरोना आला. तरी प्रशिक्षण पुरे झाले. ८ मे २०२१ रोजी तिथल्या द्रोणाचार्य मैदानावर ८३ मुलींचे संचलन झाले, तेही कोरोनाच्या नियमांमुळे साधेपणाने. या ६१ आठवड्यांत आधी कोणत्याही जवानाला असते तसे मूलभूत लष्करी शिक्षण झाले. मग पोलिसी कामाचे शिक्षण, युद्धकैद्यांची व्यवस्था, समारंभातली कामे, सर्व प्रकारची वाहने चालवणे आणि त्यांची देखभाल, आणि संदेशवहन.

यातला युद्धकैद्यांचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काल आपल्यावर गोळी झाडणारा माणूस आज हात वर करून समोर उभा आहे. आपला सोबती त्याच्या गोळीने गेलेला असू शकतो. तरीही १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की त्याचा अपमान करायचा नाही, त्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करायचे नाही. त्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगितला की पुरे. बाकी सांगायची सक्ती नाही. त्याच्या अंगावरचे पैसे काढून घेतले तर नोंद करून पावती द्यायची. आणि शिक्षा भोगणारी युद्धकैदी स्त्री असेल तर तिला पुरुषांपासून वेगळे, स्त्रियांच्याच देखरेखीखाली ठेवायचे. या दलात मुली का हव्यात, याचे एक उत्तर त्या करारातच आहे. स्त्रियांशी संबंधित गुन्ह्यांचा तपास आणि स्त्रियांची झडती ही कामेही आहेतच.

हे केवळ पुस्तकी आहे असे समजू नका. डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते, त्यांत नागरिकही होते. एखाद्या मोठ्या तालुक्याच्या शहराएवढी ही वस्ती. १९७३ च्या दिल्ली करारानंतर त्यांची रवानगी सुरू झाली आणि शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परतले. इतकी माणसे इतका काळ सांभाळायची म्हणजे जेवण, औषधपाणी, पत्रे, नोंदी आणि शिस्त. राग गिळून केलेले हे काम असते, आणि त्याची पदके फारशी मिळत नाहीत.

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उपसलेला घोडेस्वार येतो. मिलिटरी पोलिसातले नेतृत्व जरा निराळे आहे. नाक्यावर उभी असलेली शिपाई मुलगी हुद्द्याने सर्वांत खालची असते. समोरून येणाऱ्या गाडीत मेजरसाहेब असतील, वेग ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल. तिने काय करायचे? गाडी थांबवायची, कडक सलाम करायचा, चूक सांगायची, नोंद करायची. सलाम विसरली तर ती बेशिस्त आणि नोंद विसरली तर कामचुकार. दोन्ही एकाच वेळी सांभाळणे हीच तिची परीक्षा. वर्गात मी मुलांना 'कायद्यापुढे सर्व समान' हे तत्त्व शिकवते, तेव्हा संविधानातल्या कलमाबरोबर हे उदाहरणही देते. मुलांना ते लगेच कळते.

दुसऱ्या देशांच्या सैन्याबरोबर काम करायची वेळ आली की हे सगळे आणखी अवघड होते. असे पाहुणे आपल्या गावाने पाहिले आहेत. डिसेंबर २००८ मध्ये भारत आणि चीनच्या सैन्यांचा 'हँड इन हँड' हा सराव बेळगावात झाला. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानची तुकडी 'धर्म गार्डियन' सरावासाठी इथे आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तर अनेक देशांची सैन्ये एकाच छावणीत राहतात. तिथले मिलिटरी पोलीस प्रामुख्याने आपल्याच निळ्या टोपीवाल्यांच्या वागणुकीवर लक्ष ठेवतात, कारण रक्षणाला आलेल्यानेच गैरवर्तन केले तर स्थानिक बाईने जायचे कुठे? भारताने जानेवारी २०२३ मध्ये सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या सीमेवरच्या अब्येई भागात स्त्री सैनिकांची एक तुकडी पाठवली. तिथल्या बायका-मुलांशी बोलणे, त्यांचा विश्वास मिळवणे हे तिचे काम होते. तो भागही दोघांचा दावा असलेला. वाद कोणाचा बरोबर हे ठरवणे शांतिसैनिकाचे काम नसते, माणसे सुरक्षित ठेवणे हे असते.

इथे मला आपल्या मुली आठवतात. आपल्या घरांत आजीशी मराठी, शेजारच्या अक्कांशी कन्नड, शाळेत तिसरी भाषा, असे लहानपणापासून चालते. मराठीतले 'जरा थांबता का?' आणि कन्नडातले 'स्वल्प निल्री' यांतला आदर एकच आहे, हे आपल्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. समोरच्याचा चेहरा पाहून भाषा बदलायची, आणि ती बदलताना आपण लहान झालो असे मानायचे नाही, ही सवय तिला घरातच लागलेली असते. नाक्यावर, स्टेशनवर, परदेशातल्या छावणीत तीच सवय उपयोगी पडणार आहे. भरतीच्या जाहिरातीत तिला गुण नसतात, पण नोकरीत असतात.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. ते गोड करून सांगणार नाही. २०२२ पासून ही भरती अग्निपथ योजनेखाली होते. मुलगी चार वर्षांसाठी 'अग्निवीर' म्हणून जाते. लग्न झालेल्या मुलीला अर्ज करता येत नाही आणि त्या चार वर्षांत लग्नही करता येत नाही. योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षी महिना ३० हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार वेतन ठरले होते. त्यातले तीस टक्के दरमहा सेवानिधीत जातात, सरकार तेवढीच भर घालते आणि शेवटी सुमारे पावणेबारा लाख रुपये हातात येतात. निवृत्तिवेतन नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांनाच कायम ठेवतात, बाकीचे घरी परततात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण राखीव जागा म्हणजे हातात पडलेली नोकरी नव्हे.

म्हणून माझा सल्ला दोघांनाही. वडिलांनी वर्दीच्या अभिमानावर आणि आईने लग्नाच्या काळजीवर एकट्याने निर्णय घेऊ नये. अठराव्या वर्षी गेलेली मुलगी बावीसाव्या वर्षी परत येईल. तेव्हा तिच्या हाती काय असेल याचा हिशेब आजच करा. बारावी पुरी करून जाऊ द्या, पदवीचा अभ्यास बाहेरून चालू ठेवता येतो का ते आधी विचारा, सेवानिधीचे पैसे तिच्याच नावावर राहतील हे घरात आताच ठरवा. शारीरिक चाचणीत आजवर १.६ किलोमीटर धावणे, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी असे आले आहे. धावण्यासाठी फार तर आठ मिनिटे मिळतात. वय, उंची आणि गुणांच्या अटी बदलत असतात, त्या चालू जाहिरातीतच पाहाव्यात. एजंटाला एक पैसाही देऊ नये.

आणि एक विनंती. तुमच्या नात्यात, गावात कोणी या दलात असेल, तर सुट्टीवर आल्यावर त्यांना शाळेत किंवा कॉलेजात घेऊन या. आमच्या मुलींना पायदळाच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. लाल टोपीची गोष्टही, त्या टोपीखालच्या माणसाकडूनच, त्यांना एकदा ऐकू द्या.