ग्राफिक्स कार्ड : थांबण्याची किंमत

नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की ओळखीतला जाणकार ठरलेला सल्ला देतो: थांब जरा, पुढच्या वर्षी हेच निम्म्यात मिळेल. हा सल्ला हवेतून आलेला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ९८० हे कार्ड ५४९ डॉलरना आलं. जुलै २०१६ मध्ये साधारण त्याच ताकदीचं जीटीएक्स १०६० आलं ते २४९ डॉलरना, आणि वीजही कमी खाणारं. ज्याने दोन वर्षं कळ काढली त्याचे निम्म्याहून अधिक पैसे वाचले. संगणकाच्या बाजारात संयमाला व्याज मिळतं हे एका पिढीने असं अनुभवातून शिकून घेतलं.

तो बाजार आता उरलेला नाही, पण सल्ला तसाच फिरतो आहे. म्हणून हा लेख.

२०१७ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाचं सर्वांत वरचं गेमिंग कार्ड, जीटीएक्स १०८० टीआय, ६९९ डॉलरना मिळत होतं. दीड वर्षाने त्या जागी आलेल्या आरटीएक्स २०८० टीआयची कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीची किंमत ११९९ डॉलर होती. वरच्या मजल्यावर काय चाललंय याची मध्यमवर्गीय ग्राहकाने फार फिकीर करू नये, हे खरं. पण खालच्या मजल्याचं काय झालं? डिसेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०६० टीआय ३९९ डॉलरना आलं आणि मे २०२३ मध्ये ४०६० टीआयही ३९९ डॉलरनाच. अडीच वर्षं थांबलेल्याच्या पदरात पडली ती दहा टक्क्यांच्या आसपासची वाढ, तेवढीच ८ जीबी मेमरी, आणि मेमरीकडे जाणारा रस्ता २५६ बिटांवरून १२८ बिटांवर आलेला. वीज वाचली, एवढं मान्य करायला हवं.

असं का झालं याचं उत्तर एनव्हिडियाच्या ताळेबंदात आहे. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला गेमिंगमधून सुमारे १२.५ अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून १०.६ अब्ज. गेमर तेव्हा तिचा सर्वांत मोठा ग्राहक होता. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात गेमिंगचे ११.४ अब्ज आले, डेटा सेंटरचे ११५ अब्जांवर गेले. तीन वर्षांत गेमर होता तिथेच राहिला आणि कंपनी त्याच्या डोक्यावरून पाचपट मोठी झाली. यात कुणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. चिप बनवण्याची क्षमता मोजकी असेल, तर जिथे सिलिकॉनच्या एका चकतीमागे कित्येक पट पैसे मिळतात तिथेच ती आधी जाणार.

मेमरीची गोष्ट याहून बिकट आहे, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांच्या किमती तीच ठरवणार असं मला वाटतं. मेमरी चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणारी थरावर थर रचलेली एचबीएम मेमरी याच कंपन्यांची. ग्राफिक्स कार्डावरची जीडीडीआर आणि आपल्या संगणकातली साधी रॅमही त्यांचीच. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला साध्या रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन लागतं. मराठवाड्यात धरणाचं पाणी कमी पडलं तरी उसाला आधी मिळतं आणि ज्वारी आभाळाकडे बघत राहते, तसा हा हिशेब आहे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती भराभर चढल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा, जवळपास तीन दशकं चाललेला ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीला किरकोळ ग्राहक सांभाळण्यापेक्षा सोडून देणं परवडतं, ती त्याच्यासाठी भाव कमी करेल या आशेवर थांबण्यात काय हशील?

अनेक जण एनव्हिडियाच्या नव्या ‘सुपर’ कार्डांची वाट बघत आहेत. ती वाट नेमकी कशाची आहे हे कळण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील लागतो. कार्डावरची प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटांच्या मार्गाने मुख्य चिपला जोडलेली असते, आणि आजवर अशा एका चिपची क्षमता होती २ जीबी. मुख्य चिपला १२८ बिटांचाच मार्ग ठेवला की चार चिप बसतात, म्हणजे ८ जीबी. कार्डाच्या दोन्ही बाजूंना चिप लावल्या तर १६. मधला १२ चा आकडा निघतच नाही, त्यासाठी १९२ बिट लागतात. मध्यम किमतीच्या कार्डांत आठ किंवा सोळा अशी विचित्र उडी दिसते ती यामुळे. आता ३ जीबीच्या चिप आल्या आहेत. त्या लावल्या तर त्याच १२८ बिटांत १२ जीबी, १९२ मध्ये १८ आणि २५६ मध्ये २४ जीबी बसू शकतात. सुपर कार्डांबद्दलची सगळी आशा या एका बदलावर उभी आहे. पण या चिप आधी कुठे गेल्या? आरटीएक्स ५०९० च्या महागड्या लॅपटॉप आवृत्तीत, आणि ९६ जीबीच्या आरटीएक्स प्रो ६००० सारख्या व्यावसायिक कार्डात. मेमरी टंचाईच्या काळात जास्त मेमरी हेच ज्याचं वैशिष्ट्य आहे असं कार्ड वेळेवर आणि जुन्या भावात येईल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

यावर एक तर्क हमखास मांडला जातो: हा एआयचा फुगा फुटेल, मग २०२२ सारखी स्वस्ताई येईल. हा तर्क वरकरणी बरोबर वाटतो, कारण तसं खरोखर घडलं होतं. २०२० ते २०२२ या काळात क्रिप्टो चलनाच्या मायनिंगने बाजार कोरडा पाडला. ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० बऱ्याच ठिकाणी दुपटीने विकलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग एका रात्रीत निरुपयोगी झालं आणि वापरलेल्या कार्डांचा लोंढा आला. पण ते मायनर वापरत होते ती गेमिंगचीच कार्डं होती. त्यांच्या रॅकमधून निघून थेट आपल्या कॅबिनेटमध्ये बसणारी. डेटा सेंटरमधला एच१०० घरी आणून करणार काय? त्याला मॉनिटर जोडायची सोयच नाही. त्यातली एचबीएम मुख्य चिपच्या शेजारी एकाच पॅकेजमध्ये बसवलेली असते, ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. फुगा फुटलाच तर कारखान्यांची क्षमता मोकळी होईल आणि भाव उतरतील, पण ते सावकाश, काही तिमाहींनी.

भारतातल्या ग्राहकाला आणखी एक घड्याळ चालू आहे, रुपयाचं. सप्टेंबर २०२० मध्ये डॉलर ७३-७४ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. तीनशे डॉलरचं कार्ड तेव्हा १८ टक्के जीएसटी धरून साधारण २६ हजारांना पडलं असतं. नव्वदच्या दराने त्याच तीनशे डॉलरचे जवळपास ३२ हजार होतात, आणि यात वाहतूक, आयातदार आणि दुकानदाराचा नफा धरलेलाच नाही. अमेरिकेत किंमत स्थिर राहिली तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती चढलेली असते. परदेशी चर्चा ऐकून थांबणाऱ्यांच्या हिशेबात हे येत नाही.

एवढं वाचून कुणी आजच कार्ड मागवायला निघाला असेल तर त्यालाही थांबवायला हवं. किमती चढताना घाईने घेतलेली वस्तू बहुधा चुकीची असते, आणि आत्ताची सर्वांत चुकीची वस्तू म्हणजे ८ जीबीचं नवं कार्ड. आरटीएक्स ५०६० टीआय २०२५ मध्ये दोन रूपांत आलं, ८ जीबी ३७९ डॉलर आणि १६ जीबी ४२९ डॉलर. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच, २९९ आणि ३४९. दोन्ही रूपांचं नाव एकच, खोकाही जवळपास सारखाच. जाहीर किमतीतला फरक पन्नास डॉलरचा, पण आयुष्यातला फरक काही वर्षांचा. मेमरी अपुरी पडली की गेमला लागणारी चित्रं संगणकाच्या साध्या रॅममधून, अरुंद रस्त्याने आणावी लागतात. मग चित्र अडखळतं, किंवा गेम गुपचूप पोत धूसर करतो. सरासरी फ्रेमच्या आकड्यात हे दिसत नाही, म्हणून तुलनेचे तक्ते फसवतात. त्यातून ५०६० टीआय जोडणीच्या सोळाऐवजी आठच मार्गिका वापरतं. बी४५० सारखा जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा मदरबोर्ड असेल तर मेमरी ओसंडल्यावरचा फटका आणखी जोरात बसतो. जुना संगणक असलेला माणूसच स्वस्तातलं कार्ड घेतो, हा यातला क्रूर भाग.

दुसरी फसगत आकड्यांची. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे १५९९ डॉलरच्या ४०९० ची कामगिरी देईल असं सांगितलं. ही बरोबरी कृत्रिम फ्रेम धरूनच होती. कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि त्यांच्या मधल्या तीनपर्यंत अंदाजाने भरतं. हालचाल गुळगुळीत दिसते हे खरं, पण माऊस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच वेगाने. तीसच्या एकशेवीस केल्या तरी हाताला तीसच जाणवतात. आधीच साठ-सत्तर खऱ्या फ्रेम असतील तर सुविधा चांगली आहे. कमकुवत कार्डाला त्यातून ताकद येत नाही.

मग आत्ता घ्यावं कुणी? ज्याच्याकडे जीटीएक्स १० मालिकेतलं कार्ड आहे त्याने फार रेंगाळू नये. ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं, उरले ते सुरक्षेपुरते. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम किरण-अनुसरणाची, म्हणजे रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालवण्यासाठी बनवलेलेच नाहीत, आणि त्यात जीटीएक्स १६ मालिकाही येते. अर्थात फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. ब्लेंडर किंवा डाव्हिन्ची रिझॉल्व्हवर ज्याचं पोट चालतं त्याने कामाच्या तासांचा हिशेब करावा, त्याला गेमरचे निकष लावू नयेत.

आरटीएक्स २० किंवा त्यानंतरचं कार्ड असेल तर मात्र आधी दुसरीकडे बघावं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर दुप्पट वेगाचं कार्ड त्यावर दिसणार कसं? रॅमची एकच कांडी लावलेली असेल किंवा प्रोसेसर जुना असेल, तर अडथळा तिथे आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्राचं जानेवारी २०२५ मध्ये सुधारलेलं चित्र-वर्धन २० मालिकेवरही चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बाळगणाऱ्याने ८ जीबीचं ५०६० घेणं म्हणजे पैसे मोजून मेमरी कमी करून घेणं.

थांबायचंच असेल तर तारखेसाठी थांबू नये. ३ जीबीच्या चिप तीस-पस्तीस हजारांच्या कार्डात दिसल्या किंवा मेमरीचे घाऊक भाव सलग उतरू लागले, तर माझं मत बदलेल. तिसरी शक्यता स्पर्धेची होती. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने २४९ डॉलरमध्ये १२ जीबीचं आर्क बी५८० आणलं, तेव्हा या किमतीत कुणीतरी मनापासून उतरलं असं पहिल्यांदा वाटलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने त्याच इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि दोघांनी मिळून एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेल्या चिप काढण्याची घोषणा झाली. त्यानंतर इंटेल स्वतःच्या कार्डांवर किती जोर लावेल, याबद्दल मी फार आशावादी नाही.